तागा, शिलाई आणि लिनक्स

विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक विंडोज ११ ला चालत नाहीत. तेव्हा गल्ल्याशेजारचे चालते यंत्र भंगारात द्यावे की त्यावर लिनक्स घालावे, हा प्रश्न महाड-पोलादपूरच्या व्यापारी बांधवांपुढेही आहे. लिनक्स फुकट मिळते आणि त्याचे हलके प्रकार जुन्या यंत्रावर बरे चालतात. नवखा माणूस अडतो तो पुढे. हवा तो प्रोग्राम तयार मिळत नाही. 'सोर्समधून बसवा' एवढेच लिहिलेले असते.

कापडवाल्याने यात घाबरण्यासारखे काही नाही. उबुंटू किंवा डेबियनमध्ये 'ॲप्ट'ने येतो तो रेडिमेड माल. सोर्स म्हणजे तागा. कपडा आपल्या यंत्राच्या मापाने आपणच शिवायचा. त्यासाठी आधी 'बिल्ड-इसेन्शियल' हे पॅकेज घ्यावे. ते शिलाई मशीन व कात्री समजा. मग सोर्सची गठडी 'टार'ने उघडावी आणि आतली 'रीडमी' फाइल वाचावी. ही फाइल न वाचता पुढे जाणारे फार. कारागिराने माप न घेता कापड फाडावे तसे ते आहे.

जुन्या पद्धतीच्या सोर्समध्ये तीन पायऱ्या असतात. 'कॉन्फिगर' यंत्राचे माप घेते आणि अस्तर-बटणे हाताशी आहेत की नाहीत ते पाहते. 'मेक' शिवते, जुन्या यंत्रावर एक चहा सहज होतो. 'मेक इन्स्टॉल' तयार कपडा दुकानात टांगते आणि फक्त याच पायरीला 'सुडो'चा अधिकार लागतो. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत द्याव्या लागतात. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांनी त्या एकदा वहीत उतरवून घ्याव्यात.

गाडी बहुधा 'कॉन्फिगर'वरच थांबते. अमुक सापडले नाही, असा निरोप येतो. ते म्हणजे राहून गेलेले अस्तर. त्या नावाचे, शेवटी 'डेव्ह' लावलेले पॅकेज 'ॲप्ट'ने घ्यावे आणि पुन्हा 'कॉन्फिगर' चालवावे. 'मेक'मध्ये चुका धडाधड आल्या तर पहिली चूक वाचावी. बाकीच्या बहुधा तिच्याच पोटातल्या असतात. हात बसवण्यासाठी 'ग्नू हॅलो' हा चिमुकला प्रोग्राम आहे. तो पडद्यावर एक सलाम छापतो, बस्स. शागीर्दाला पहिल्या दिवशी शेरवानी कोण देतो?

हिशेबाचा प्रोग्राम मात्र शक्यतो रेडिमेडच घ्यावा, असे माझे मत आहे. 'ग्नूकॅश' ॲप्टमध्ये आहे आणि त्याचे मराठी व उर्दू भाषांतरही झालेले आहे. सोर्समधून बसवलेल्या मालाची नवी आवृत्ती आपोआप येत नाही, ती जबाबदारी आपल्यावर राहते. मग सोर्स कशाला? कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने मुंबईत तयार झालेला 'ग्नूखाता' पाहा. तो आपल्याकडच्या व्यापाऱ्यासाठी रचला आणि त्याचा सोर्स खुला आहे. बिलावर मीटरसोबत ताग्याचा नंबर हवा असेल, तर पायथन भाषा जाणणारा गावातला मुलगा तसा बदल करू शकतो, कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या वह्या कंपनीच्या मर्जीवर राहत नाहीत, हा फायदा पैशात मोजता येत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती. जुलै २०२१ च्या महापुराने महाडची बाजारपेठ बुडाली आणि आंबेनळी घाटातही दरडी कोसळल्या. पावसाळ्यात इथे रस्त्याचा भरवसा नाही, तसा नेटवर्कचाही नाही. म्हणून सोर्स, 'बिल्ड-इसेन्शियल' आणि लागणारी 'डेव्ह' पॅकेजे मे महिन्यातच उतरवून बसवावीत. मग जुलैत नेट नसले तरी 'मेक' चालते. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्सवरील मराठी धडे आहेत, तेही पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावेत.

सोर्स प्रकल्पाच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच घ्यावा. आणि प्रोग्राम बसला म्हणून त्याचे फोल्डर पुसू नये. 'मेक अनइन्स्टॉल'ची सोय असेल तर ती त्याच फोल्डरातून चालते.