गुडघा बदलण्यापूर्वी

गुडघेदुखी आता घरोघरची झाली आहे, आणि सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेची पूर्वीइतकी धास्तीही उरलेली नाही. दुसऱ्या दिवशी पेशंट वॉकर धरून उभा राहतो, चार-पाच दिवसांत घरी येतो. सांधा टिकतोही चांगला. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार शंभरातले सुमारे ८२ सांधे पंचवीस वर्षे टिकतात. तरीही पाचांतला साधारण एक पेशंट समाधानी नसतो, असे परदेशातल्या पाहण्या सांगतात. एक्स-रे उत्तम, जखम भरलेली, आणि पेशंट नाराज! हे कसे?

माझ्या सासूबाईंच्या वेळी त्याचे थोडे उत्तर मिळाले. बेळगावातल्या डॉक्टरांनी सगळे समजावल्यावर त्यांनी एकच विचारले, "पाटावर मांडी घालून पूजेला बसता येईल ना?"

"आजी, चालाल, जिना चढाल, रात्री झोप लागेल. मांडीचा मात्र भरवसा देत नाही," डॉक्टर म्हणाले.

सासूबाई हिरमुसल्या. आठ दिवस त्यांनी विषय काढू दिला नाही. मग स्वतःच म्हणाल्या, "चला, दुखणं तरी जाईल."

आमच्या गल्लीतल्या एका बाईंना दुसरीकडे "सगळं पूर्वीसारखं होईल" असे सांगितले होते. पहिले काही आठवडे गुडघा वाकवताना दुखतेच. त्यांना वाटले, ऑपरेशन फसले. व्यायाम सोडला आणि गुडघा आखडला. सासूबाईंना दुखणार हे ठाऊक होते. फिजिओथेरपिस्ट मुलगी दारात दिसली की "आली माझी वैरीण" म्हणायच्या, डोळ्यांत पाणी यायचे, पण एक दिवस चुकवला नाही.

खर्चाचे सगळेच विचारतात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली; नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली. खोलीचे भाडे नि डॉक्टरांची फी त्यात येत नाही, म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगावी. संकोच करू नये.

कमोड आम्ही शस्त्रक्रियेआधीच बसवून घेतला, ते फार बरे झाले. सुताराकडून देव्हाराही कमरेइतका उंच करून घेतला. खुर्चीवर बसून कसली पूजा, असे सासूबाई सुरुवातीला म्हणत. आता तासभर उठत नाहीत.