घरातील वृद्धांची शुश्रूषा : नियोजन आणि देखरेख



विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः ते ओतले, आनंदाने अंग धुतले आणि दोघांनी डोक्याकडून व पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. हा प्रसंग वर्षावासातील प्रवचनांत आपण ऐकलेला असतो. त्याचा पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. भगवंतांनी नुसता करुणेचा उपदेश केला नाही, तर जबाबदारीचा क्रम लावून दिला. आजारी भिक्खूची सेवा उपाध्यायाने करावी, तो नसल्यास आचार्याने, नंतर शिष्याने, आणि यांपैकी कोणीच नसल्यास संघाने. सेवेला भावनेइतकीच व्यवस्थाही लागते, हाच याचा अर्थ होय.

आपल्या घरांत नेमकी हीच व्यवस्था नसते. "सगळे मिळून करू" असे म्हटले जाते आणि सारे काम एका सुनेच्या किंवा मुलीच्या अंगावर पडते. ज्या कागदावर कोणाची सही नाही तो कागद पुढे सरकत नाही, हा बँकेतला नियम घरालाही लागू आहे.

म्हणून प्रथम कामांची यादी करावी. आंघोळ, कपडे, शौच, जेवण, औषध, चालणे यांपैकी वृद्ध व्यक्ती स्वतः काय करू शकते, कशात आधार लागतो आणि काय पूर्णपणे दुसऱ्याने करावे लागते, हे लिहून काढावे. जे त्यांना जमते ते त्यांनाच करू द्यावे. प्रेमापोटी सगळेच हातात दिले की उरलेली शक्तीही जाते. यादी करताना त्यांना विचारावे. आंघोळ सकाळी की दुपारी, एवढे तरी ठरविण्याचा मान त्यांचाच आहे. मग प्रत्येक कामापुढे एक नाव घालावे. बाहेरगावी असलेल्या भावाने केवळ पैसे पाठवून मोकळे होऊ नये. वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस येऊन राहावे, म्हणजे रोज करणाऱ्या माणसाला विसावा मिळतो.

पगारी माणूस ठेवल्यास देखरेखीचा प्रश्न येतो. येथे माझीच चूक सांगतो. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा आम्ही ब्युरोमार्फत बारा तासांसाठी एक मावशी ठेवल्या. त्या किती वाजता येतात, फोनवर किती बोलतात, यावर माझे बारीक लक्ष असे. तिसऱ्या आठवड्यात वडिलांच्या माकडहाडावर जखम दिसली. मी मावशींना नको तसे बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, दर दोन तासांनी कूस बदलायची, हे मला कोणी सांगितलं होतं?" रुग्णालयातून सोडताना दिलेल्या कागदावर ते लिहिलेले होते. तो कागद इंग्रजीत होता आणि माझ्या कपाटात होता. मी पाळत ठेवली होती, देखरेख केली नव्हती.

त्यानंतर आम्ही खाटेजवळ मराठीत एक वही ठेवली. वेळ, औषध, पाणी, लघवी-शौच, कोणती कूस आणि सही, असे रकाने आखले. रात्री मी असेन तर माझीही सही. कूस बदलताना टाचा, माकडहाड व कंबरेची हाडे पाहावीत. दाबल्यावरही लाली जात नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. भरवताना बसते करून घास द्यावा, म्हणजे ठसका लागत नाही. न्हाणीघराची फरशी कोरडी असावी, भिंतीला धरावयास दांडी आणि रात्री जाण्या-येण्याच्या वाटेवर दिवा असावा. निरनिराळ्या डॉक्टरांनी दिलेली सर्व औषधे एका कागदावर लिहून ती एका डॉक्टरांना अवश्य दाखवावीत.

व्यवहाराचेही नियोजन हवे. सही करता येत नसेल तर वृद्ध खातेदाराचा अंगठा चालतो. त्याला दोन साक्षीदार लागतात व त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार कर्मचारी असतो. सत्तरीपुढील ग्राहकांना रोकड व हयातीचा दाखला यांची सोय घरी देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना कळविले आहे. तेव्हा आजारी माणसाला रिक्षात घालून आणण्यापूर्वी शाखेत विचारावे. एटीएम कार्डाचा पिन मात्र काळजी घेणाऱ्या व्यक्तीला देऊ नये. त्यात तिच्यावर अविश्वास नाही, उलट तिच्यावर उद्या आळ येऊ नये यासाठीच ही दक्षता. ज्यांना मुले सांभाळत नाहीत, त्यांना आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठी झालेल्या २००७ च्या कायद्यान्वये न्यायाधिकरणाकडे निर्वाह खर्च मागता येतो, हेही ठाऊक असावे.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मुलांची आई-वडिलांविषयीची कर्तव्ये आहेत, तशीच धन्याची सेवकांविषयीची पाच कर्तव्येही आहेत : शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, गोडधोड वाटून खाणे आणि वेळच्या वेळी सुटी देणे. पहिले सांगताना दुसरे आपण विसरतो. आपल्याकडे कामाला येणारी मावशी बहुधा आपल्यासारख्याच वस्तीतून आलेली असते. आपल्यांतील कित्येकांच्या आयांनी अशीच कामे करून आपल्याला शिकविले. तिला ठरल्या तारखेला पगार, आठवड्याची सुटी आणि वेगळ्या कपात नव्हे तर घरच्याच कपात चहा, एवढे तरी आपल्या घरी मिळालेच पाहिजे.

शेवटी दोन सूचना. संस्थेने एक व्हीलचेअर, एक कमोडची खुर्ची व एक हवेची गादी घेऊन ठेवावी आणि गरजू घरांना आळीपाळीने द्यावी. विद्यार्थ्यांनी रविवारी दोन तास एखाद्या वृद्धाजवळ बसून वर्तमानपत्र किंवा धम्मग्रंथ वाचून दाखवावा. उत्तम शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण महावग्गात सांगितले आहेत, त्यांत धम्मचर्चेने रुग्णाचे मन प्रसन्न करणे हाही एक आहे. त्या दोन तासांत घरातली सून निवांत झोप घेईल, हा लाभ वेगळाच. ज्या घरी कोणीच नाही, त्या घरी संघाने जावयाचे असते, आणि आज संघ म्हणजे आपणच.

जयभीम!