३८ साक्षीदार आणि मानसशास्त्राचं पहिलं पुस्तक

पदवीच्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलं, की पुस्तक कोणतं घ्यायचं हे बहुतेक ठिकाणी किंमत, जाडी आणि ‘परीक्षेला हेच चालतं’ या तीन गोष्टींवर ठरतं. पुस्तक नेमणारे प्राध्यापक अभ्यासक्रमाचे घटक जुळतात का, तेही बघतात. हे सगळं बघायला हवंच, पण एक कसोटी त्यात राहून जाते आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे: विषयातला एखादा गाजलेला प्रसंग ते पुस्तक कसं सांगतं? मानसशास्त्राच्या व्याख्या परीक्षेनंतर विसरल्या जातात, गोष्टी मात्र जन्मभर लक्षात राहतात. विद्यार्थी पुढे शिक्षक होवो, पोलीस होवो वा नुसता पालक होवो, माणसांबद्दलचं त्याचं मत या गोष्टींवरच बनतं.

कसोटी लावायला किटी जेनोव्हीजचं प्रकरण उत्तम. १३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात या २८ वर्षांच्या तरुणीवर घराजवळच चाकूहल्ला झाला आणि तिचा मृत्यू झाला. दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर छापलं, की ३८ शेजारी अर्धा तास हे बघत राहिले आणि हल्ला चालू असताना एकानेही पोलिसांना फोन केला नाही. शहरी माणसाच्या निर्ढावलेपणाचा पुरावा म्हणून ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत शिरली, ती दशकानुदशकं तिथेच राहिली. २००७ मध्ये मॅनिंग, लेव्हाइन आणि कॉलिन्स या संशोधकांनी खटल्याची कागदपत्रं तपासली, तेव्हा ३८ जण बघत राहिल्याचा पुरावा मिळाला नाही. शेवटचा हल्ला तर इमारतीच्या आत, जिन्यापाशी झाला होता. रस्त्यापलीकडच्या खिडक्यांतून तो दिसणंच शक्य नव्हतं. एका शेजाऱ्याने खिडकीतून ओरडून मारेकऱ्याला पळवलं होतं. सोफिया फरार ही शेजारीण खाली धावली आणि जखमी किटीला तिने कुशीत धरून ठेवलं. २०१६ मध्ये मारेकरी तुरुंगात मेला, तेव्हा खुद्द ‘टाइम्स’ने आपली जुनी बातमी सदोष असल्याचं मान्य केलं.

गोष्ट चुकीची म्हणून तिच्यातून निघालेलं संशोधनही रद्द, असं मात्र नाही. डार्ली आणि लाताने यांनी १९६८ मध्ये विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावलं आणि मध्येच पलीकडच्या एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. तो आवाज आधीच टेप केलेला होता. ‘हे फक्त मीच ऐकतोय’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के फिट संपण्याआधी मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटणाऱ्यांतले ३१ टक्केच. पण २०१९ मध्ये ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउनमधल्या रस्त्यांवरची सीसीटीव्ही चित्रणं तपासली, तर २१९ भांडणांपैकी दर दहांतल्या सुमारे नऊ भांडणांत कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. गर्दीत एकेकट्याची जबाबदारी पातळ होते, तरी गर्दीतून कुणीतरी पुढे येण्याची शक्यता वाढते. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात आणि ते तसे कसे असतात, हे उलगडून सांगणारं पुस्तक विद्यार्थ्याला विचार करायला शिकवतं. म्हणून दुकानात किंवा ग्रंथालयात पुस्तकाच्या सूचीत जेनोव्हीजचं नाव शोधावं आणि ते पान तिथेच वाचून बघावं. स्टॅनफर्डचा १९७१ चा तुरुंग-प्रयोगही असाच बघता येतो: त्यात पहारेकरी बनवलेल्या विद्यार्थ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळाल्या होत्या, हे पुस्तकात आहे की नाही?

यावर अनुभवी शिक्षकांचा आक्षेप ठरलेला असतो: मुलं आत्ताच विषयात आली आहेत, आधी पाया पक्का होऊ द्या, शंका एम.ए.ला. आक्षेप प्रामाणिक आहे, कारण सगळंच डळमळीत दिसलं तर नवखा विद्यार्थी ‘मानसशास्त्रात काहीच खरं नसतं’ म्हणून मोकळा होतो. पण त्यावर उपाय शंका लपवणं हा नव्हे. काय टिकलं आणि काय नाही, हे शेजारी शेजारी ठेवणं हा आहे. २०१५ मध्ये १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून बघण्यात आले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत संख्याशास्त्रीय कसोटीला उतरणारा निष्कर्ष आला. दुसरीकडे, एबिंगहाउसचा १८८५ चा विस्मरणाचा आलेख आजही तसाच निघतो. शिवाय पहिल्या वर्षानंतर मानसशास्त्र सोडणारे कितीतरी असतात. त्यांच्या वाट्याला एम.ए. येतच नाही.

आपल्याकडे आणखी एक बाब बघावी लागते. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये दाखवलं, की आघाडीच्या मानसशास्त्रीय नियतकालिकांतले ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते आणि त्या देशांत जगाची लोकसंख्या फक्त १२ टक्के. ‘माणूस असा वागतो’ असं वाक्य आलं, की कुठला माणूस हे पुस्तक सांगतं का, ते बघावं. भारतीय आवृत्तीत उदाहरणांतली नावं बदलून हे साधत नाही.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि तो सगळ्यांत अवघड. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला उत्तम इंग्रजी पुस्तक दिलं आणि तिने ते उघडलंच नाही, तर माझी कसोटी कागदावरच राहते. तिच्यासाठी मी सोपं मराठी पुस्तकच निवडेन. मात्र त्यातली जेनोव्हीजची गोष्ट जुनी असेल, तर शिक्षकाने एक पानभर मराठी टिपण जोडून द्यावं. ‘ओपनस्टॅक्स’चं मानसशास्त्राचं इंग्रजी पाठ्यपुस्तक इंटरनेटवर मोफत आहे आणि त्याचा परवाना भाषांतराची मुभा देतो. विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांनी त्यातली प्रकरणं वाटून घेतली, प्रत्येक प्रकरणाला हीच कसोटी लावून मराठी केलं, तर काम दोन-तीन वर्षांत होण्यासारखं आहे.