प्रार्थना करायची तरी कशी?

"मला बाई प्रार्थनाच करता येत नाही. शब्दच सुचत नाहीत!" आमच्या पडेगाव-छावणी भागात ख्रिस्ती घरात नवी आलेली सून हमखास असं म्हणते. चर्चमध्ये पाळकसाहेबांची ओघवती वाणी ऐकली, की आपलं मोडकंतोडकं बोलणं देवापुढे न्यायला संकोच वाटतो.

पण भगिनींनो, ही अडचण जुनीच आहे. खुद्द येशूच्या शिष्यांनी त्याला प्रार्थना शिकवण्याची विनंती केली होती. (लूक, अध्याय ११.) त्याने शिकवलेली 'प्रभूची प्रार्थना' अर्ध्या मिनिटात म्हणून होते! मत्तयाच्या ६व्या अध्यायात तर त्याचं सांगणं असं, की दार लावून एकान्तात बोला आणि उगीच शब्दांचा पसारा मांडू नका.

तिचा क्रम ध्यानात घ्या. आधी पित्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. मग आपल्या गरजा: रोजची भाकर, क्षमा आणि मोहापासून सुटका. मराठी बायबलात तिथे 'भाकर' हाच शब्द आहे. म्हणजे रिकामा पिठाचा डबा, मुलांची फी, सासूबाईंचं औषध हे सगळं त्यात आलंच की! आणि मागणं 'मला' नव्हे, 'आम्हाला' असं आहे. शेजारणीची चूलही त्यात आली.

भाषेचं म्हणाल, तर ती आपलीच असावी. फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' ओवीत रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांतून गायिली. पंडिता रमाबाईंनी केडगावी राहून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं. लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण तर खास आपल्यासाठी. पतीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी त्यांनी तो लगेच घेतला नाही. स्वतःच्या मनाला पटल्यावर, १९०० मध्ये घेतला. तेव्हा घरात नव्या आलेल्या सुनेवर प्रार्थनेची सक्ती करू नये. तिला वेळ द्यावा.

सुरुवात अशी करून पाहा. सकाळी चहाचं आधण ठेवलं, की एका गोष्टीबद्दल उपकारस्तुती करा. आपली एक चूक कबूल करा. एका दुसऱ्या माणसासाठी मागा, मग स्वतःसाठी. शेवटी 'आमेन', म्हणजे 'असेच असो'. शब्द सुचले नाहीत, तर एखादं स्तोत्र वाचा. दीडशे स्तोत्रांत रडणं, रागावणं, तक्रार करणं सगळं आहे. देवापुढे गोड चेहरा करून बसायला नको!

खरी कसोटी क्षमेच्या ओळीशी लागते. जावेने दहा वर्षांपूर्वी केलेला अपमान आठवला, की तिथे जीभ अडते. अशा वेळी 'मला अजून जमत नाही, तू मदत कर' एवढंच म्हणावं. तीही प्रार्थनाच. मात्र क्षमा म्हणजे मार निमूट सोसणं नव्हे, बरं का! घरात हात उगारला जात असेल, तर प्रार्थना करावी आणि माहेरच्यांना, पाळकांना, गरज पडल्यास पोलिसांनाही सांगावं. दुखण्यातही तसंच. प्रार्थना करावी आणि डॉक्टरही गाठावा.

मागितलेलं सगळं मिळतंच असं नाही. गेथशेमाने बागेत येशूनेही दुःखाचा प्याला टळावा असं मागितलं होतं. तो टळला नाही. पण मनातलं पित्याला सांगून तो उठला आणि पुढच्या प्रसंगाला सामोरा गेला. रात्री उशीवर डोकं टेकताना आपल्यालाही एवढं बळ मागता येईल.