बोंडातले शेवटचे पंचवीस दिवस

आमचा खटाव तालुका कपाशीचा नव्हे. इथे ज्वारी, कांदा, बटाटा, आलं पिकतं. जिथे पाणी पोचतं तिथे ऊस. तरीही वडूजमध्ये जुन्या घरांच्या परसात देवकपाशीचं एखादं झाड अजून राखलेलं दिसतं. त्याचा कापूस बाजारात जात नाही. चातुर्मासात वाती वळायला घरचा कापूस हवा, एवढ्यासाठी ते झाड ठेवतात. कापसाचा धागा कसा घडतो हे पाहायला मला हेच झाड सोयीचं वाटलं. उमललेल्या फुलाच्या देठाला दोरा बांधून त्यावर तारीख लिहिली की त्या बोंडाचं वय कळत राहतं.

फूल एका दिवसाचं असतं. सकाळी पिवळं उमलतं, दुसऱ्या दिवशी तांबूस पडून मिटतं. खरी घडामोड मात्र त्याच्या तळाशी, भावी सरकीच्या सालीवर चालू असते. तिथल्या साधारण चार पेशींपैकी एक पेशी फूल उमलण्याच्या सुमारास फुगून वर येते आणि लांबायला लागते. कापसाचा प्रत्येक धागा म्हणजे अशी एकच पेशी. कुठल्या पेशीने धागा व्हायचं, हे काही नियंत्रक जनुकं ठरवतात. एमवायबी कुळातलं असंच एक जनुक संशोधकांनी बंद पाडलं, तेव्हा सरकी बोडकीच राहिली.

पहिले अडीच-तीन आठवडे लांबीचे. पेशी पाणी ओढून आतून ताण धरते, आणि एक्सपान्सिन नावाची प्रथिनं तिची कोवळी भिंत सैल करतात, म्हणून ती ताणली जाते. भरात असताना एक पेशी दिवसाला दोन मिलिमीटरपर्यंत वाढते. लांब धाग्याच्या सुधारित वाणांत ती तीन सेंटिमीटरच्या आसपास पोचते. तिची रुंदी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढीच.

या वयाचं बोंड मी ब्लेडने आडवं कापलं. कप्प्यांत सरकी ओलीचिंब, तिच्याभोवती काचेसारखे पारदर्शक तंतू दाटून बसलेले. चिमटीने ओढले तर ते बोटाला चिकटले आणि पाणी सुटलं. लांबी जवळजवळ पूर्ण झाली होती, पण वळावं असं हाती काहीच नव्हतं. भिंत इतकी पातळ की तिला स्वतःचा आकारही धरवत नव्हता.

तीन आठवड्यांत बोंडाचा आकार पूर्ण होतो. त्यानंतर फुटेपर्यंतचे सुमारे पंचवीस दिवस ते बाहेरून जसंच्या तसं दिसतं. कापूस घडतो तो या दिवसांत. लांबी थांबता थांबता पेशीत दुसऱ्या भिंतीची जनुकं जागी होतात आणि भिंत जवळजवळ निव्वळ सेल्युलोजने जाड होऊ लागते. भिंतीला आतून गिलाव्याचे थर देत जावं आणि खोली अरुंद होत जावी, तशी ही बांधणी बाहेरून आत सरकते.

त्यासाठी लागणारा माल पानांतून येतो आणि तो आपल्या ओळखीचा आहे. सुक्रोज, उसात असते तीच साखर. सुक्रोज सिंथेज हे विकर तिचे दोन भाग करून त्यातलं ग्लुकोज जोडणीला तयार अशा रूपात पुढे देतं. पेशीच्या पडद्यात सहा पाकळ्यांच्या रचनेत बसलेलं सेल्युलोज सिंथेज ते ग्लुकोज एकामागून एक जोडत साखळ्या बाहेर सोडतं. 1996 साली वनस्पतींतली सेल्युलोज सिंथेजची जनुकं पहिल्यांदा ओळखली गेली, ती कपाशीच्या याच तंतूंमधून, कारण भिंत भरण्याच्या दिवसांत ती तिथे जोरात चालू असतात. 2003 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सुक्रोज सिंथेजचं जनुक दाबून पाहिलं. जिथे ते सर्वांत जास्त दबलं, त्या सरकीवर तंतू जवळपास आलेच नाहीत.

ही बांधणी हवामानाची नोंदही ठेवते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ डब्ल्यू. लॉरेन्स बॉल्स यांनी 1919 मध्ये धाग्याच्या भिंतीत रोजचं एक वलय पडतं हे दाखवून दिलं. दिवसाच्या उबेत काम वेगाने होतं, थंड रात्री मंदावतं. आमच्याकडे दिवाळीनंतर पहाटे चांगलाच गारठा पडतो. उशिरा लागलेल्या बोंडांची भिंत नेमकी याच दिवसांत भरायची असते, म्हणून तो कापूस अनेकदा अर्धवट राहतो.

बोंड फुटलं की पेशी मरते, सुकते, चपटी होते आणि पीळ घेते. या पिळामुळेच सूत कातताना धागे एकमेकांना धरतात. भिंत किती भरली हे पाहायची एक जुनी रीत कापसाच्या प्रयोगशाळांत आहे. मीही ती सूक्ष्मदर्शकाखाली करून पाहिली. पिळदार धाग्यावर 18 टक्के कॉस्टिक सोड्याचा थेंब सोडला. पक्का धागा फुगला, पीळ उलगडला आणि तो गोल दांड्यासारखा उभा राहिला. शेजारचा कच्चा धागा फुगूनही फितीसारखा चपटाच. दोघांची लांबी सारखी, पांढरेपणा सारखा. उघड्या डोळ्यांना फरक कळला नसता.

तो फरक पुढे कळतो. कच्च्या तंतूंच्या बारीक गुठळ्या होतात, त्यांना सूतवाले नेप म्हणतात. रंगाईत त्या नीट रंग धरत नाहीत आणि कापडावर फिके ठिपके उमटतात. विट्यासारख्या यंत्रमागाच्या गावात सुताचा दर्जा म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न. मुंबईत माटुंग्याला 1924 पासून कापूस तंत्रज्ञानाची संशोधन संस्था आहे. धाग्याच्या बारीकपणाचा आणि पक्वतेचा एकत्र अंदाज देणारा मायक्रोनेअर हा आकडा हमीभावातही धरलेला आहे. 29.5 ते 30.5 मिलिमीटरच्या लांब धाग्याला तो 3.5 ते 4.3 असावा लागतो. तरी शेतकऱ्याशी बोलणं होतं ते वजनाचं, ओलाव्याचं आणि फार तर लांबीचं. भिंतीबद्दल त्याला कुणी काही सांगत नाही, हे मला खटकतं.

जनुकं धाग्याला लांबीची आणि जाडीची शक्यता देतात. ती पुरी करायला अखेरपर्यंत हिरवं पान लागतं, पुरेशी ओल लागते आणि थंडीच्या आधी लागलेलं बोंड लागतं. वाण निवडताना बियाण्याच्या पाकिटाचा जेवढा विचार होतो, तेवढाच पेरणीच्या वेळेचा आणि शेवटच्या पाण्याचा व्हायला हवा. बोंड मोठं झालं म्हणजे झाडाचं काम उरकलं असं धरून पाणी तोडण्याआधी एक बोंड चिरून पाहावं. आत तंतू पाणीदार असतील, तर अजून सगळंच व्हायचं आहे.