क्रिकेटचा संघ आणि देशाचा संसार



क्रिकेटच्या सामन्यांत आपला संघ जिंकला कीं देशाला बरे दिवस येतात आणि तो हरला कीं महागाई आलीच, असा एक सिद्धांत चहाच्या बैठकींत हौसेनें मांडला जातो. हिंगोलीच्या मोंढ्यांत हळद घेऊन आलेल्या शेतकऱ्यालाही असें एखादें शुभचिन्ह हवेंसें वाटतें. कारण माल आज विकावा कीं राखून ठेवावा, यावर त्याच्या घरचें वर्ष अवलंबून असतें. तेव्हां या सिद्धांताची परीक्षा करून पाहूं.

पुरावा प्रथमदर्शनीं चांगला दिसतो. १९७०-७१ सालीं देशांत धान्याचें विक्रमी उत्पादन झालें, आणि १९७१ मध्यें अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखालीं आपल्या संघानें वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत कसोटी मालिका जिंकल्या. पुढें १९७२ च्या दुष्काळानें महाराष्ट्र होरपळला, १९७३ मध्यें खनिज तेलाचे भाव कडाडले, १९७४ मध्यें महागाई वीस टक्क्यांच्याही वर गेली. आणि त्याच वर्षीं, कर्णधार तेच असतां, लॉर्ड्सच्या मैदानावर सारा संघ ४२ धावांत बाद झाला.

परंतु जीं वर्षें जुळतात तेवढींच मोजणें हा न्याय नव्हे. २००७ सालीं देशाचें उत्पन्न वेगानें वाढत असतां आपला संघ विश्वचषकाच्या पहिल्याच फेरींतून परत आला. उलट २०२०-२१ मध्यें कोरोनाच्या साथीमुळें राष्ट्रीय उत्पन्न घटलें. त्याच वर्षीं ॲडलेडला ३६ धावांत बाद झालेल्या संघानें अजिंक्य रहाणे यांच्या नेतृत्वाखालीं मेलबर्न व ब्रिस्बेन येथें विजय मिळवून मालिका जिंकली.

दोन गोष्टी एका वेळीं घडल्या, एवढ्यानें एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. मधली सांखळी दाखवितां आली पाहिजे. दुष्काळाची सांखळी उघड आहे: पाऊस नाहीं म्हणून पीक नाहीं, पीक नाहीं म्हणून भाव चढे. लॉर्ड्सवर वळणाऱ्या चेंडूचा आणि ज्वारीच्या भावाचा असा कांहीं दुवा नाहीं. समृद्धीमुळें मैदानांना व शिक्षणाला पैसा मिळतो, हें खरें. पण त्याचें फळ यावयास कित्येक वर्षें लागतात.

हळदीचेंही तसेंच. पावसाळ्याच्या आरंभीं लावलेलें बेणें पुढील वर्षाच्या प्रारंभीं काढणीस येतें; मग उकडणें, वाळविणें आणि पॉलिश. भाव ठरतो तो पावसावर, लागवडीच्या क्षेत्रावर, शिल्लक साठ्यावर आणि परदेशच्या मागणीवर. सामन्याचा आनंद मनसोक्त घ्यावा; विक्रीचा निर्णय मात्र या चार गोष्टी पाहूनच करावा.