१८ वर्षे पूर्ण, बालगृह सुटले. आता राहायचे कुठे? समजून घ्या ‘अनुरक्षण’

जालना : अठरावा वाढदिवस म्हणजे घरात केक. बालगृहातल्या मुलासाठी मात्र तो निरोपाचा दिवस. त्यानंतर खोलीभाडे, डबा, कॉलेजची फी सगळे स्वतःच बघायचे. अशा मुलांसाठी कायद्यात ‘अनुरक्षणा’ची तरतूद आहे.

मदत किती वर्षे?
बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम ४६ खाली संस्था सोडणाऱ्यांना २१ व्या वर्षापर्यंत. अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत.

काय मिळते?
‘मिशन वात्सल्य’मधून दरमहा ४ हजार रुपये. नियमांत ६ ते ८ जणांच्या गटाला तात्पुरता निवारा, प्रशिक्षणकाळात विद्यावेतनही आहे. ४ हजारांत खोली आणि डबा दोन्ही भागणे कठीण, म्हणून निवाऱ्याचीही मागणी करा.

प्रक्रिया कधी सुरू होते?
संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी परिवीक्षा किंवा बाल कल्याण अधिकाऱ्याने तुमचा आराखडा बाल कल्याण समितीकडे द्यायचा असतो. तो गेला का, हे स्वतः विचारा.

मेख कुठे आहे?
कायदा ‘मदत देता येईल’ म्हणतो, ‘द्यावीच लागेल’ म्हणत नाही. त्यामुळे तोंडी विनंतीवर थांबू नका. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

हे विसरू नका
आई-वडील नसतील तर अनाथ प्रमाणपत्र संस्थेत असतानाच मिळवा. शिक्षण आणि सरकारी नोकरीतील १ टक्का आरक्षणासाठी तेच लागते. बाहेर पडल्यावर जुन्या नोंदी जमवताना दमछाक होते.